फँटसी कादंबरीवर किंवा कॉमिकवर चित्रपट व्हावा का? वाद घालण्याआधी हे ५ प्रश्न विचारा



फँटसी वाचणारे दोन-तीन जण एकत्र जमले की एक विषय निघतोच: "या पुस्तकावर अजून चांगला चित्रपट कसा नाही आला?" मग याद्या सुरू होतात. एक जण 'अर्थसी'चं नाव घेतो, दुसरा 'द नेम ऑफ द विंड'चं, तिसरा 'सागा' या कॉमिकसाठी भांडतो. मीही या वादात अगदी हिरीरीने उतरतो. पण गंमत अशी की आपण सगळे "पुस्तक किती भारी आहे" यावरच भांडत असतो. चित्रपट चांगला होणार की नाही, हे मात्र बऱ्याचदा वेगळ्याच गोष्टींवर ठरतं.

हा वाद नुसता टाइमपास नाही बरं का. एकदा फसलेला चित्रपट आला की त्या पुस्तकाला दुसरी संधी मिळायला वर्षानुवर्षं जातात. फिलिप पुलमन यांच्या 'हिज डार्क मटेरियल्स'वरचा 'द गोल्डन कंपास' २००७ मध्ये आला आणि पुढचे भाग निघालेच नाहीत. त्याच पुस्तकांवर मालिका यायला २०१९ उजाडलं. 'पर्सी जॅक्सन'चा पहिला चित्रपट २०१० चा. पुस्तकातला बारा वर्षांचा पर्सी तिथे थेट सोळा-सतरा वर्षांचा दाखवला आणि वाचक नाराज झाले. नवी मालिका आली डिसेंबर २०२३ मध्ये. म्हणजे २०१० साली जो वाचक दहा वर्षांचा होता, तो तोपर्यंत नोकरीला लागला!

म्हणून "चित्रपट आलाच पाहिजे" म्हणण्याआधी मी हे पाच प्रश्न विचारतो. चला, एकेक पाहूया.

१. हे जग पडद्यावर दाखवण्याचं तंत्रज्ञान आहे का?

सगळ्यात आधी डोक्यात येणारा प्रश्न हाच. एकेकाळी खरी अडचणही हीच होती.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चंच बघा. १९७८ मध्ये राल्फ बक्षी यांनी त्यावर ॲनिमेशनपट केला. त्यात 'रोटोस्कोपिंग' वापरलं होतं. म्हणजे आधी खऱ्या माणसांचं शूटिंग करायचं आणि मग त्या फिल्मच्या प्रत्येक फ्रेमवरून चित्र गिरवायचं. काम प्रचंड, आणि गोष्ट संपली अर्ध्यावरच.

मग २००१ ते २००३ मध्ये पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट आले. दरम्यान दोन मोठ्या गोष्टी घडल्या होत्या. पहिली म्हणजे 'मॅसिव्ह' हे सॉफ्टवेअर. लढाईतल्या हजारो सैनिकांना ॲनिमेटरने एकेक करून हलवायची गरज उरली नाही. प्रत्येक डिजिटल सैनिकाला थोडी 'अक्कल' दिलेली असते. शेजारी कोण आहे, शत्रू किती जवळ आलाय हे बघून तो स्वतःच ठरवतो की वार करायचा, अडवायचं की पुढे सरकायचं. दुसरी गोष्ट म्हणजे मोशन कॅप्चर. अँडी सर्किस या अभिनेत्याच्या हालचाली आणि अभिनय यांच्या आधारावर गॉलम उभा राहिला.

आता तर 'द मँडलोरियन'पासून (२०१९) एलईडी भिंतींचं तंत्र रुळलंय. कलाकाराच्या मागे हिरवा पडदा नसतो. त्याऐवजी प्रचंड मोठा एलईडी स्क्रीन असतो. कॅमेरा हलला की गेम इंजिन त्यावरचं दृश्य त्याच क्षणी बदलतं. वाळवंटाचा प्रकाश कलाकाराच्या चेहऱ्यावर खराखुरा पडतो.

मग प्रश्न सुटला का? नाही. 'द गोल्डन कंपास'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं होतं! तरीही पुढचे भाग आले नाहीत. तंत्रज्ञान नसेल तर दार बंद राहतं, हे खरं. पण तंत्रज्ञान आहे म्हणून आतला मुक्काम सुखाचा होईलच, असं नाही.

२. गोष्ट सांगायला किती मिनिटं लागतील?

हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न. पटकथेचा एक ढोबळ हिशोब असतो: पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दोन तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे १२० पानं. आता सहाशे पानांची कादंबरी त्यात कोंबायची म्हटली तर काय होईल, सांगा बघू.

'ड्यून' ही कादंबरी १९६५ ची. (तशी ती विज्ञानकथा, पण फँटसीवाले तिच्यासाठीही तितकेच भांडतात.) डेव्हिड लिंच यांनी १९८४ मध्ये ती १३७ मिनिटांत बसवली. बऱ्याच प्रेक्षकांना काय चाललंय तेच कळलं नाही. डेनी व्हिलनव्ह यांनी तीच एक कादंबरी २०२१ आणि २०२४ अशा दोन चित्रपटांत सांगितली: १५५ आणि १६६ मिनिटं. म्हणजे वेळ दुपटीहून जास्त. कथा तीच, पण या वेळी तिला श्वास घ्यायला जागा मिळाली. उलट उदाहरण स्टीफन किंग यांच्या 'द डार्क टॉवर'चं. आठ पुस्तकांच्या त्या जगावर २०१७ मध्ये जेमतेम ९५ मिनिटांचा चित्रपट काढला. निकाल काय लागला असेल, ते वेगळं सांगायला नको.

मग सरळ वेब सीरिजच करावी का? तिथे वेळ भरपूर मिळतो, पण धोका वेगळा. मालिका पुढे चालू राहीलच याची खात्री नसते. 'द व्हील ऑफ टाइम'चे मुख्य खंड चौदा. मालिका २०२१ मध्ये आली आणि तीन सीझननंतर २०२५ मध्ये बंद झाली. म्हणून मी म्हणतो, पुस्तक छोटं आणि स्वतःपुरतं पूर्ण असेल तर चित्रपट, वेगवेगळी प्रकरणं असतील तर मालिका. आणि चौदा खंडांची एकच सलग गोष्ट असेल तर जरा दमानं घ्या.

३. गोष्ट बाहेर घडते की पात्राच्या डोक्यात?

कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, मनातला विचार दिसत नाही. कादंबरीकार एका ओळीत "त्याला संशय आला" लिहून मोकळा होतो. दिग्दर्शकाला तो संशय दाखवावा लागतो.

लिंच यांच्या 'ड्यून'मध्ये पात्रांचे विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवले होते. व्हिलनव्ह यांनी ती युक्ती टाळली. त्यांनी नजरा, शांतता आणि हातांच्या खुणांची गुप्त भाषा यांवर भर दिला. एकच पुस्तक, पण प्रश्न सोडवायच्या पद्धती दोन.

या कसोटीवर 'द नेम ऑफ द विंड' (२००७) अवघड जातं. नायक स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतोय, आणि तो किती खरं बोलतोय हाच पुस्तकातला मुख्य मजा. ते निवेदन काढलं तर उरते जादूच्या विद्यापीठाची एक ओळखीची गोष्ट. त्यात तिसरा भाग अजून आलेला नाही. शेवट माहीत नसताना मालिका काढली की काय होतं, हे 'गेम ऑफ थ्रोन्स'ने दाखवून दिलंय. मालिका २०१९ मध्ये संपलीसुद्धा, पण पुस्तकांचा सहावा खंड काही आला नाही. त्यामुळे माझं मत: हे पुस्तक आवडतं, पण चित्रपट आत्ता नको.

४. कॉमिक असेल, तर पान फोडल्यावर काय हरवतं?

"कॉमिकमध्ये चित्रं तयारच असतात, मग चित्रपट सोपा," असं बऱ्याच जणांना वाटतं. पण कॉमिकचं पान आणि पडदा यांत मोठा फरक आहे. पान आपल्याला एकदम सगळं दिसतं. कुठे थांबायचं, मागे कधी जायचं हे वाचक ठरवतो. चित्रपटात वेग दिग्दर्शकाच्या हातात असतो.

'वॉचमेन'च्या (१९८६-८७) पाचव्या अंकात पानांची मांडणी आरशासारखी आहे: पहिलं पान शेवटच्या पानाशी जुळतं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी, असं मधल्या पानापर्यंत. ही गंमत पडद्यावर न्यायची कशी? झॅक स्नायडर यांच्या २००९ च्या चित्रपटात कित्येक चौकटी हुबेहूब उतरल्या, पण ही रचना पानातच राहिली.

दुसरीकडे काही जणांनी चांगले मार्ग शोधले. 'सिन सिटी'चं (२००५) बरंचसं शूटिंग हिरव्या पडद्यासमोर डिजिटल कॅमेऱ्याने केलं आणि कॉमिकची काळी-पांढरी शैली तशीच आणली. 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'ने (२०१८) तर आणखी पुढची उडी मारली. सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण अनेक ठिकाणी पात्राची पोझ दर दोन फ्रेमनंतरच बदलते, म्हणजे सेकंदाला १२ वेळा. त्यामुळे प्रत्येक पोझ कॉमिकच्या चौकटीसारखी ठसते. वर छपाईचे ठिपके आणि किंचित सरकलेले रंगसुद्धा मुद्दाम ठेवले. इथे तंत्रज्ञान कॉमिक झाकायला नाही, तर दाखवायला वापरलंय.

आणि 'सागा'? लेखक ब्रायन के. वॉन यांनी ते कॉमिकमध्येच शोभेल असं काहीतरी करायचं म्हणून सुरू केलं. मग मी कशाला हट्ट धरू?

५. हक्क कोणाकडे आहेत, आणि घड्याळ चालू आहे का?

हा प्रश्न वादात कोणीच काढत नाही. निर्माता बहुतेक वेळा पुस्तकाचे हक्क लगेच विकत घेत नाही. आधी 'ऑप्शन' घेतो. म्हणजे थोडे पैसे देऊन ठराविक मुदतीसाठी पुस्तक राखून ठेवायचं. सोप्या भाषेत सांगायचं तर जमिनीसाठी दिलेला विसार. हक्क विकत घेतल्यावरही कधी कधी अट असते की अमुक तारखेच्या आत शूटिंग सुरू करा, नाहीतर हक्क परत.

या मुदतीमुळे विचित्र प्रकार घडतात. 'फँटॅस्टिक फोर'चे हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून नव्वदच्या दशकात रॉजर कॉरमन यांच्याकडून अगदी कमी पैशात एक चित्रपट करून घेतला. तो अधिकृतपणे कधी प्रदर्शितच झाला नाही. 'द व्हील ऑफ टाइम'चा एक भाग २०१५ मध्ये अमेरिकेत मध्यरात्रीनंतर, फारसा गाजावाजा न करता टीव्हीवर दाखवला होता. कारण हेच.

हक्क दिल्यावर लेखकाचं किती चालतं, हेही करारावर असतं. अर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी'मधल्या गेडचा रंग तांबूस-सावळा आहे. लेखिकेने तो विचारपूर्वक ठरवला होता. २००४ च्या मालिकेत गेड गोरा झाला. त्या नावाला सल्लागार होत्या, पण निर्णय त्यांच्या हातात नव्हते. त्यांनी जाहीरपणे नाराजी लिहिली, पण तोवर मालिका येऊन गेली होती.

मग माझं मत कोणाला?

पाचही प्रश्न लावून पाहिले तर माझं मत 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'ला (१९६८). पुस्तक साधारण दोनशे पानांचं, स्वतःपुरतं पूर्ण. समुद्र, बेटं, ड्रॅगन आणि पाठलाग करणारी सावली, म्हणजे भीतीसुद्धा बाहेर दिसणारी. २००६ मध्ये घिब्ली स्टुडिओने ॲनिमेशनपट केला, पण त्यात अनेक पुस्तकांची सरमिसळ झाली. मला या एकाच पुस्तकावर सरळ ॲनिमेशनपट हवा, आणि त्यातला गेड सावळाच हवा.

मराठीतून विचाराल तर नारायण धारपांच्या 'समर्थ' कथा. प्रत्येक कथेत नवं संकट, त्यामुळे मालिकेसाठी अगदी योग्य. "आपल्याकडे बजेट कुठंय?" असं कोणी म्हणालं तर 'तुंबाड' (२०१८) आठवा. धारपांच्या कथेवरून दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्याचं बीज सुचलं होतं. त्यातली भयानक आजी कोणी साकारली माहितीये? पांडुरंगची भूमिका करणाऱ्या मोहम्मद समद या मुलानेच, भरपूर मेकअप करून. २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरमध्ये लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी हा वाद निघाला की "पुस्तक भारी आहे" इथेच थांबू नका. किती मिनिटांत, कोणत्या रूपात आणि कोणाच्या हातात, हेही विचारा. आवडत्या पुस्तकावर चित्रपट नसणं फार मोठं नुकसान नाही, पुस्तक आपल्याजवळ असतंच. घाईघाईत केलेला चित्रपट मात्र पुढची दहा वर्षं आडवा येतो.

तुमचं मत कोणत्या पुस्तकाला किंवा कॉमिकला? पाच प्रश्नांची उत्तरं देऊन नक्की कळवा!