माळावरचं लॅव्हेंडर

कार्तिकात तुळशीचं लग्न लावताना आपण एका अवाढव्य खटल्यातली एकच लेक बोहल्यावर चढवतो. तिच्या माहेरचं शास्त्रीय नाव लॅमिएसी, म्हणजे तुळशीचं कुळ. जगात त्याच्या सुमारे ७,००० जाती आहेत आणि भारतात चारशेहून अधिक. केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावात या कुळाची माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. अंगणात तुळस, चटणीत पुदिना, सरबतात सब्जा, परसात पानओवा, ओढ्याकाठी निर्गुडी. दाराची चौकट सागाची असेल तर तीही याच घराण्यातली. साग, निर्गुडी आणि शिवण पूर्वी वेगळ्या कुळात मोजत. विसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांची रचना नव्याने तपासून, पुढे डीएनए पाहून, अभ्यासकांनी त्यांना इकडे आणलं. सागाची कोवळी फांदी दोन बोटांत फिरवून पाहा, तुळशीच्या खोडासारखीच चौकोनी लागते. पानं समोरासमोर जोडीनं, फूल बहुधा दोन ओठांचं. एवढं कळलं की या कुळाची निम्मी ओळख झाली.

पण यातलं फक्त आपलं काय? तुळस आपली खरी, तरी ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत उगवते. देवळातल्या दीपमाळेची आठवण करून देणारी, काटेरी गोंड्यांतून नारिंगी फुलं काढणारी दीपमाळ मूळची आफ्रिकेची. आणि गावाबाहेरच्या पडीक रानात माणूसभर माजणारी, रानतुळस म्हणून खपून गेलेली उग्र वासाची झुडपं अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली. त्यांचं बी भिजवलं की सब्ज्यासारखंच फुगतं, म्हणून फसायला होतं.

केवळ इथलीच, अशी मंडळी आपल्याला बहुधा ठाऊक नसतात. त्यातल्या त्यात जांभळ्या मंजिरीचं नशीब बरं. कास पठारावर साचलेल्या उथळ पाण्यात ती दाटीनं फुलते, शहरांतून माणसं मोटारी करून तिला पाहायला येतात, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कासचाही समावेश झाला. ही मंजिरी पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही. पाचोलीच्या अत्तराची वनस्पती तिच्याच प्रजातीतली.

माझं मन मात्र रमतं ते लॅव्हेंडरमध्ये. हे नाव ऐकलं की फ्रान्समधली जांभळी शेतं आठवतात, फार तर जम्मूकडच्या भदरवाहची. दोन्हीकडे पिकतं ते युरोपातलं. पण या प्रजातीच्या चाळीसच्या आसपास जाती अटलांटिकमधल्या बेटांपासून उत्तर आफ्रिका, अरबस्तान असा पल्ला गाठत भारतापर्यंत पोचतात, आणि पूर्वेकडे इथेच थांबतात. भारतातल्या रानटी जाती दोन आणि दोन्ही फक्त भारतातल्या. त्यांचा अभ्यासकांनी वेगळा गटच केला आहे.

पहिलीचं नाव लॅव्हेंडुला गिब्सनी. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटिश डॉक्टर. १८३८ पासून ते पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग सांभाळत. पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जॉन ग्रॅहम यांच्या १८३९ च्या मुंबईतल्या वनस्पतींच्या यादीत हे झाड गिब्सनच्या नावानं आलं. ते सह्याद्रीच्या डोंगरांतलं.

दुसरी घोडेघुई. हिची पानं पिसासारखी चिरलेली, काडीसारखा उभा देठ, त्याच्या टोकाला लांब कणसात फिकट निळसर फुलं. पाऊस सरता सरता ती फुलू लागते. दाट जंगल तिला लागत नाही. दख्खनच्या कोरड्या, खडकाळ, उघड्या जमिनीवर ती येते. म्हणून नांदूरघाटच्या आसपास, बालाघाटच्या उतारांवर तिचा शोध घ्यायचा तर मुरमाड माळच धुंडाळावा. सोबतीला व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा १९९८ चा दोन खंडांचा ग्रंथ असावा. दुर्मीळ झाडं म्हणजे सह्याद्रीची मक्तेदारी, हा समज मराठवाड्यानंही मुकाट मान्य केला आहे. तो मला पटत नाही.

आता अडचण अशी की सरकारी कागदावर असा माळ म्हणजे पडीक. तो हिरवा करायच्या हौसेनं खड्डे पडतात, गिरिपुष्प लागतं, सावली होते. उघड्या उन्हातल्या रोपांना जागा उरत नाही. लागवड करायचीच असेल तर आधी त्या माळाची पाहणी कार्तिकात व्हावी. जूनमध्ये खड्डे खणायला माणसं येतात, तेव्हा अशा अल्पायुषी झाडांचं मातीत बहुधा बीच असतं, आणि ते मोजता येत नाही.