पाणी भरणारीच तहानलेली

दरवर्षी २० मार्चला आपण विहारात जमतो आणि चवदार तळ्याची आठवण काढतो. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करून घेतले, प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला. हा इतिहास आपल्या मुलांनाही पाठ आहे. आज या पानावर पुढचा प्रश्न विचारायचा आहे. पाण्यावर हक्क मिळाला, पण ते पाणी नळापासून घरापर्यंत कोण आणते? त्याचे उत्तर दवाखान्याच्या केसपेपरवर सापडते, म्हणून ते आरोग्याच्या पानावर.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२३ च्या अहवालात म्हटले आहे की, जगात ज्या घरांच्या आवारात पाण्याची सोय नाही अशा दर १० घरांपैकी ७ घरांत पाणी आणायची जबाबदारी बायका-मुलींवर असते. आपल्या वस्तीत यापेक्षा वेगळे दिसत असेल तर आनंदच आहे. एकदा पाण्याच्या वेळेला नळावर उभे राहून मोजून पाहावे.

आता जरा हिशेब करू. मुंबईत झोपडपट्टीसाठी माणशी दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीसाठी १३५ लिटर हे प्रमाण वर्षानुवर्षे धरले गेले. पाच माणसांच्या घराला ४५ लिटरच्या हिशेबाने २२५ लिटर लागतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे रोज सव्वादोन क्विंटल वजन, १५ लिटरच्या हंड्याने १५ खेपा, हंड्याचे वजन वेगळे. हमालाने इतके उचलले तर आपण त्याला मजुरी देतो. घरातली बाई उचलते तेव्हा ते कामात मोजतसुद्धा नाही.

आणि गंमत अशी की, इतके पाणी वाहणारी बाईच दिवसभरात सर्वांत कमी पाणी पिते. तिला विचारा, ती सांगेल. सार्वजनिक संडासाला रांग, कुठे पैसे, रात्री दिवा नाही, वाटेत पोरांचे टोळके. मग ती पाणीच कमी पिते आणि लघवी दाबून ठेवते. धुणीभांडी करणारी, बिगारी काम करणारी, कचरा वेचणारी आपली बहीण सकाळी घरून निघते ती संध्याकाळी परतेपर्यंत तिला जागाच नसते. बाईचा लघवीचा मार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा असतो, पुरुषाच्या कितीतरी आखूड. त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. भरपूर लघवी झाली तर ते धुऊन निघतात, पण लघवी अडवली तर आतच वाढतात.

लघवीला जळजळ होणे, थोडी थोडी वारंवार लागणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ होणे किंवा तिला उग्र वास येणे ही त्याची लक्षणे. याला आपल्याकडे ‘उष्णता झाली’ म्हणतात आणि सब्जा पिऊन गप्प बसतात. सब्जा प्यायला हरकत नाही, पण जंतू त्याने मरत नाहीत. थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीत कळ येऊ लागली, उलट्या झाल्या, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर बाईने तर साध्या जळजळीलाही वाट पाहू नये, कारण या आजाराने दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. लघवीची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेऊन बरे वाटले की सोडून देणे फार वाईट. अर्धवट औषधाने जंतू चिवट होतात आणि पुढच्या वेळी तीच गोळी लागू पडत नाही.

दुसरा आजार बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. अंग बाहेर येणे. (पुरुष मंडळींनी हा परिच्छेद सोडून पुढे जाऊ नये.) बाळंतपणात ओटीपोटाचे तळाचे स्नायू सैल पडतात. ते आवळून यायच्या आत बाई पुन्हा हंडा-कळशी उचलू लागली की गर्भाशय खाली सरकू लागते. खाली ओढल्यासारखे वाटणे, योनीमार्गात गाठ हाताला लागणे, खोकताना लघवी सुटणे ही लक्षणे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि याला इलाज आहे. सुरुवातीला स्नायूंचा व्यायाम, नंतर आत बसवायची रिंग, फारच झाले तर शस्त्रक्रिया. व्यायाम सोपा आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच पाच आकडे मोजेपर्यंत आवळायचे आणि सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. मात्र प्रत्यक्ष लघवी करताना करू नये. बाळंतिणीला निदान सहा आठवडे जड उचलू देऊ नये. तिची सासू, नवरा, दीर घरात असताना ती नळावर उभी असेल तर दोष नळाचा नाही.

पाणी मध्यरात्री येत असेल तर झोपही तिचीच मोडते, आणि शाळेतल्या मोठ्या मुलीचीही. मुलगी वर्गात पेंगते. मुलगा मात्र झोपलेला असतो, कारण त्याला कोणी उठवलेलेच नसते.

तासभर येणाऱ्या नळाचा आणखी एक त्रास आहे. उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. तो गटारातून गेलेला आणि फुटका असेल तर बाहेरची घाण आत शिरते. म्हणून पहिले पाणी पिण्यासाठी धरू नये, ते फरशी धुवायला ठेवावे. नळाला मोटर लावली की हा शोष आणखी वाढतो. शिवाय गल्लीच्या टोकाच्या घराला पाणीच उरत नाही, आणि त्या टोकाला बहुधा एकटी राहणारी म्हातारी किंवा नव्याने आलेले भाडेकरू असतात. वरच्यांनी अडवले म्हणून आपण लढलो, आता आपणच खालच्याचे अडवायचे का, हे मोटर लावणाऱ्याने स्वतःला विचारावे. पिण्याचे पाणी उकळून किंवा मेडिक्लोर घालून, झाकून ठेवावे आणि वगराळ्याने काढावे. पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासावे, नाहीतर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो.

आता मूळ गोष्ट. नळाची वेळ, जागा, वर्गणी कोण ठरवते? पाच-दहा घरांचा मिळून नळ असतो, त्याचा सेक्रेटरी बहुतेक ठिकाणी पुरुष. पाणी भरते एक आणि ठरवतो दुसरा. गावाकडे जल जीवन मिशनच्या नियमाप्रमाणे पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात, आणि पाणी तपासायच्या किटचे शिक्षण गावातल्या पाच बायकांना द्यायचे आहे. गावी नातलग असतील तर विचारा की त्या पाच जणी कोण. कित्येकदा नाव बाईचे आणि सही नवऱ्याची असते.

शहरात डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. २०२२ साली महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणले. अर्ज करताना गटाच्या यादीत घरातल्या बाईचे नाव टाकावे, सेक्रेटरी बाईला करावे आणि पाण्याची वेळ बदलून हवी असेल तर वॉर्ड ऑफिसला सह्यांचे पत्र द्यावे. पत्रावर पोच घ्यायला विसरू नये. विहारातल्या महिला मंडळाने हे काम हाती घेतले तर उत्तम. फक्त बैठक रात्री आठ वाजता ठेवू नये. तेव्हा चूल पेटलेली असते आणि बोलायला हवी ती बाई येत नाही.