ढेकूण नव्हे, वाळवीही नव्हे

मिनिआपोलिस किंवा शिकागोकडे नवे घर घेतलेल्या मराठी माणसाला हा किडा बहुधा पहिल्याच ऑक्टोबरात गाठतो. दुपारच्या उन्हाने तापलेल्या दक्षिणेकडच्या भिंतीवर काळ्या अंगाचे, लाल रेघांचे किडे दाटीवाटीने बसलेले असतात. त्यातले दोन-चार खिडकीच्या फटीतून आत शिरतात. आपल्या मनात पहिला संशय ढेकणांचा येतो आणि गाद्या उलथ्यापालथ्या होतात.

गाद्यांना काहीही झालेले नसते. हा बॉक्सएल्डर बग, शास्त्रीय नाव बॉयसिया ट्रायव्हिटाटा. लांबी साधारण १२ मिलिमीटर, म्हणजे ढेकणाच्या दुपटीहून जास्त. दोघांनाही जबड्याऐवजी टोचून शोषणारी सोंड असते, पण ढेकणाला रक्त लागते आणि याला बिया. चिमटीत धरला तर क्वचित टोचतो, इतकेच. रोग पसरवत नाही. कपाशीवरचे लाल ढेकूण पाहिलेल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला तो जास्त ओळखीचा वाटेल. कुटुंब वेगळे, पण बिया शोषायची सवय तीच.

जबडाच नसल्यामुळे ‘लाकूड पोखरतील, कपडे कुरतडतील’ ही भीतीही निराधार ठरते. घरात ते अंडी घालत नाहीत, वाढत नाहीत. थंडी काढायला आलेले हे प्रौढ किडे वसंतात बाहेर पडतात आणि अंडी उन्हाळ्यात झाडावर घालतात. त्रास खरा आहे तो विष्ठेच्या तांबूस डागांचा, आणि चिरडल्यावर येणाऱ्या वासाचा. म्हणून पडद्यावर बसलेल्या किड्याला चपलेने मारणे हा सगळ्यात वाईट उपाय.

भिंतीवर ते फक्त ऊब घेत बसतात असे वाटते, पण तेही अपुरे आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिमेकडच्या जातीचा अभ्यास केला, तेव्हा उन्हात बसल्यावर या किड्यांच्या शरीरातून तीव्र वासाची रसायने पाझरतात आणि ती किडे मारणाऱ्या बुरशीला रोखतात, असे दिसले. म्हणजे आपल्या भिंतीवर चाललेला तो प्रकार जंतुनाशक अंघोळीचाही असू शकतो.

मग शेजारी सांगतो, ‘ते बॉक्सएल्डरचे झाडच तोडून टाका.’ बॉक्सएल्डर हा मॅपलच आहे, जरी त्याचे पान कॅनडाच्या झेंड्यावरच्या पानासारखे मुळीच दिसत नाही. पान संयुक्त, बहुधा तीन ते सात पर्णिकांचे, बरेचसे निर्गुडीसारखे; शास्त्रीय नावातला ‘निगुंडो’ आलाय तोही निर्गुडीवरूनच. (रोप लहान असताना तीन पर्णिकांमुळे लोक त्याला पॉयझन आयव्ही ही खाज सुटवणारी वेल समजून घाबरतात. बॉक्सएल्डरची पाने फांदीवर समोरासमोर येतात, आयव्हीची एकाआड एक.) नर आणि मादी झाडे वेगळी असतात, बिया फक्त मादीला, आणि किड्यांची खरी गर्दी तिथेच. पण ते उडून येतात, इतर मॅपल आणि अ‍ॅशवरही भागवतात. आपल्या अंगणातले एक झाड गेले म्हणून भिंत मोकळी होईलच असे नाही. झाडालाही या शोषण्याने सहसा काही होत नाही.

आणि झाड टाकाऊ तर अजिबात नाही. अ‍ॅरिझोनातल्या ब्रोकन फ्लूट केव्ह या गुहेत १९३१ मध्ये सापडलेल्या, सातव्या शतकातल्या बासऱ्या बॉक्सएल्डरच्या लाकडाच्या आहेत. धोका असलाच तर तो घोड्यांना: कुरणात पडलेल्या बियांमधल्या हायपोग्लायसिन ए या विषाने घोड्यांचे स्नायू निकामी होतात, हे अमेरिकेत २०१३ मध्ये स्पष्ट झाले. हेच विष कच्च्या लिचीतही असते, कारण मॅपल, लिची आणि आपला रिठा एकाच कुळातले. त्याच कुळातल्या कुसुंबाच्या बियांवर आपल्याकडे या किड्याचा लाल चुलतभाऊ पोसला जातो.

मिनेसोटातल्या मिनिओटा गावाने तर या किड्याच्या नावाने उत्सव सुरू केला, आणि तिथला लेखक बिल होम याने १९८५ मध्ये त्याच्यावर अख्खे पुस्तक लिहिले. इतके प्रेम कुणाला जमेलच असे नाही. ज्यांना जमत नाही, त्यांनी सप्टेंबर संपायच्या आत खिडक्या-दारांच्या फटी बुजवाव्यात, फाटक्या जाळ्या बदलाव्यात. आत आलेले व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावेत. बाहेरच्या घोळक्यावर साबणाचे पाणी फवारले तर भिजलेले मरतात. नंतर येऊन बसणाऱ्यांवर त्याचा परिणाम नाही. भिंतीच्या पोकळीत मात्र औषध मारू नये. आत मेलेल्या किड्यांच्या ढिगावर कार्पेट बीटल येतात, आणि लोकरीचे स्वेटर खरोखर खातात त्या या भुंगेऱ्यांच्या अळ्या.