कामाचे कुत्रे घरी आणताना

गोसीखुर्दच्या शेतवस्तीवर राखणीला कुत्रे हवे, यात वाद नाही. परंतु कारवान ऊर्फ मुधोळ जातीचे पिल्लू आणण्यापूर्वी विचार हवा. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीट निघाले, २०१६ साली लष्कराने तिची पिल्ले शिक्षणासाठी नेली. अशा नावलौकिकाला भुलून माणूस पिल्लू उचलतो.

हा प्राणी शिकारीसाठी घडला. धावणे हा त्याचा पिंड. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकारही गुन्हा ठरली आणि शेजारीच उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. म्हणजे त्याचे जुने काम गेले. नवे दिले नाही, तर बेकार हात जसे स्वस्थ बसत नाहीत, तसे तेही बसत नाही: दारे कुरतडते, शेळ्या-कोंबड्यांमागे लागते. दोष त्याचा नव्हे, मालकाचा.

म्हणून आधी घरात विचारावे: वैशाखात सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर त्याला रोज कोण पळवील? कुंपण आहे काय? लशीचा नि खाण्याचा खर्च दहा-बारा वर्षे झेपेल काय? रोवणीच्या दिवसांत त्याच्याकडे कोण पाहील?

उत्तरे नाहीत, तर गावचे साधे कुत्रेच आणावे. ते राखण चोख करते. विडी कामगारांसाठी आम्ही कामाची नि भाकरीची हमी मागतो. मुक्या कामकऱ्याला तीच हमी देता येत नसेल, तर त्याला कामावर घेऊ नये.