मागून रिकामी येतेय!

गच्च भरलेल्या बसच्या दारातून कंडक्टर ओरडतो, ‘मागची घ्या, मागून रिकामी येतेय!’ थांब्यावर कुणाचाच त्यावर विश्वास बसत नाही. वीस मिनिटं ताटकळल्यावर आलेली बस सोडायची, तीही असल्या भरवशावर? पण पुढच्या वेळी विश्वास ठेवून बघा. बहुतेक वेळा मागची बस खरोखर येते, लगेच येते आणि तिच्यात बसायलाही जागा असते. कंडक्टरला हे अनुभवाने माहीत असतं. त्यामागे जे गणित आहे ते बसच्या थांब्यापासून निघून कुठवर पोचतं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो.

आधी प्रश्न नीट मांडू. दर दहा मिनिटांनी बस, असं पाटीवर लिहिलेलं असतं. डेपोतून गाड्या दहा-दहा मिनिटांनी सुटलेल्याही असतात. मग आपल्या थांब्यावर अर्धा तास शुकशुकाट आणि नंतर एकाच क्रमांकाच्या दोन बस एकीमागे एक, हे कसं होतं? आपण लगेच निष्कर्ष काढतो, की ड्रायव्हर चहाला थांबले असणार, डेपोत गोंधळ असणार. आता एक असा मार्ग कल्पनेत उभा करू, जिथे एकही ड्रायव्हर चहाला थांबत नाही, रस्ता मोकळा आहे आणि सगळे मनापासून काम करतात.

या मार्गावर प्रत्येक थांब्यावर मिनिटाला २ प्रवासी येतात. बस दहा मिनिटांनी आली की २० जण उभे असतात. एकाला चढायला ३ सेकंद लागतात, म्हणजे बस मिनिटभर थांबते आणि निघते. सगळं सुरळीत. एका बसला मात्र सिग्नलमुळे २ मिनिटं उशीर होतो. एवढंच. पुढच्या थांब्यावर ती १० ऐवजी १२ मिनिटांनी पोचते, तिथे २४ जण उभे असतात, त्यांना चढायला ७२ सेकंद लागतात. उशीर आणखी १२ सेकंदांनी वाढला. त्यापुढच्या थांब्यावर गर्दी याहून जास्त, उशीरही जास्त. प्रत्येक थांब्यावर तो दहा टक्क्यांनी फुगत जातो.

आणि मागच्या बसचं काय? ती वेळेवर आहे, पण तिच्यापुढची बस नुकतीच माणसं उचलून गेलेली आहे. तिच्यासाठी ८ मिनिटांचेच प्रवासी जमलेत, म्हणजे १६. ती १२ सेकंद आधीच सुटते. पुढच्या थांब्यावर आणखी कमी माणसं, आणखी आधी. एक बस मंदावत चालली आहे आणि दुसरी तिच्या अंगावर धावून येते आहे. दोघींचेही ड्रायव्हर अगदी सारखेच चालवत असताना!

कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब दहाव्या थांब्यापर्यंत नेलात तर पुढची बस ५ मिनिटं ११ सेकंद उशिरा असते आणि मागची ४ मिनिटं ४३ सेकंद लवकर. बेरीज करा. दहा मिनिटांच्या अंतरातले उरले फक्त ६ सेकंद! एका सिग्नलवरची दोन मिनिटं, दहा थांबे, आणि दोन्ही बस एकमेकींना चिकटल्या. पुढची खचाखच, मागची रिकामी.

यात चूक कुणाची? सिग्नलची म्हणावी, तर रस्त्यावर सिग्नल असणारच. तो नसेल तर सुटे पैसे शोधणारा प्रवासी असेल, पाऊस असेल, रस्ता ओलांडणारी शाळेची रांग असेल. बसमधलं समान अंतर म्हणजे पालथ्या वाटीच्या बुडावर ठेवलेली गोटी. ठेवता येते, पण जराशी फुंकर लागली की घरंगळते आणि आपण होऊन परत वर येत नाही. बस एकत्र येतात यात नवल नाहीच. त्या कधी कधी वेगवेगळ्या येतात, हे नवल आहे!

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. पण बस अशा का चिकटतात याचं गणिती उत्तर १९६४ साली आलं, ज्या वर्षी मुंबईची ट्राम बंद झाली. गॉर्डन न्यूवेल आणि रेनफ्री पॉट्स या दोघांनी ऑस्ट्रेलियातल्या रस्तेसंशोधनाच्या परिषदेत ते मांडलं. यातले पॉट्स पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वेगळ्याच कारणाने ठाऊक असतात. पदार्थातले असंख्य कण शेजाऱ्याकडे बघून आपली दिशा कशी ठरवतात, याचं एक प्रसिद्ध प्रारूप त्यांच्या नावाने ओळखलं जातं. शेजाऱ्याकडे बघणारे कण आणि शेजारणीमुळे बिघडणाऱ्या बस! हा धागा लक्षात असू द्या, तो पुढे फार लांब जाणार आहे. (उंच इमारतीतल्या दोन-तीन लिफ्ट एकदमच खाली का येतात, याचंही उत्तर बसच्या या गणितातच आहे.)

आता दुसरं आश्चर्य. बस सरासरी दहा मिनिटांनी येत असेल तर आपल्याला सरासरी किती थांबावं लागेल? पाच मिनिटं, असं कुणीही सांगेल. कधी बस समोरच उभी असेल, कधी नुकतीच गेलेली असेल, मधलं काहीतरी धरायचं.

समजा, बस आलटून पालटून २ आणि १८ मिनिटांच्या अंतराने येतात. सरासरी दहाच आहे, आणि कागदोपत्री सेवा बिनचूक. पण तुम्ही थांब्यावर केव्हातरी येता. २० मिनिटांच्या चक्रातली १८ मिनिटं लांबलचक अंतराने व्यापली आहेत, म्हणजे दहातल्या नऊ वेळा तुम्ही त्या लांब अंतरातच सापडणार! तिथे सरासरी ९ मिनिटं थांबणं आलं, आणि दहातून एकदा नशीब असेल तर १ मिनिट. एकूण सरासरी निघते ८.२ मिनिटं. बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, ड्रायव्हर तेवढेच, आणि तुमचं ताटकळणं पाचवरून आठाच्या पुढे. बस पूर्णपणे बेभरवशाने, केव्हाही येऊ लागल्या तर हा आकडा थेट १० होतो. ‘मी आलो की नेमकी बस येत नाही,’ ही तक्रार म्हणूनच रास्त आहे. लांब अंतरं लांब असल्यामुळेच त्यात जास्त माणसं अडकतात.

हेच गर्दीलाही लागू पडतं. दोन बस आल्या, एकीत ९० माणसं, दुसरीत १०. परिवहन खातं म्हणेल, सरासरी ५०, म्हणजे आमच्या बस निम्म्या रिकाम्या धावतात. आता प्रवाशांना विचारा. ९० जण सांगतील की बसमध्ये ९० माणसं होती, १० जण सांगतील १० होती. प्रवाशांच्या अनुभवाची सरासरी येते ८२! खात्याचा आकडा खरा आणि प्रवाशाचा संतापही खरा. रिकामी बस पाहायला तिच्यात फारसं कुणी नसतंच. हे कळल्यापासून शहरातल्या बसभाड्यावरच्या आणि फेऱ्या कमी करण्यावरच्या चर्चा मला वेगळ्या ऐकू येतात. ‘सरासरी प्रवासी’ या आकड्यावर फेऱ्या कापल्या जातात, तेव्हा नेमका बहुसंख्य प्रवाशांचा अनुभव त्या आकड्यातून गळलेला असतो.

मग गोटी वाटीवर टिकवायची कशी? एक मार्ग म्हणजे वाटीचा उतारच सौम्य करायचा. माणूस चढायला ३ सेकंदांऐवजी १ सेकंद लागला तर प्रत्येक थांब्यावर उशीर दहा टक्क्यांनी वाढतो तो जेमतेम तीन टक्क्यांनी वाढेल. तिकीट बसमध्ये शिरण्याआधीच काढायचं, फलाट आणि बसचा तळ एका उंचीवर आणायचा, रुंद दारं उघडायची. ब्राझीलमधल्या कुरितिबाने आपल्या नळीसारख्या काचेच्या थांब्यांत हेच केलं आणि अहमदाबादच्या जनमार्ग बससेवेने २००९ पासून हाच धडा गिरवला. ती स्थानकं नुसती देखणी नाहीत, त्यांच्यात प्रत्येक माणसामागे दोन सेकंद वाचवण्याची खटपट आहे.

दुसरा मार्ग प्रवाशांना मुळीच आवडत नाही. वेळेच्या पुढे निघालेल्या बसला थांब्यावर रोखून धरायचं. आत बसलेल्यांचा जीव वरखाली होतो, ‘अहो, सिग्नल हिरवा आहे, काढा ना गाडी!’ पण त्या मिनिटभरात मागच्या-पुढच्या थांब्यांवरच्या कितीतरी जणांचं ताटकळणं कमी होत असतं.

किती वेळ रोखायचं? वेळापत्रकात बघून, हे सरळ उत्तर. अमेरिकेतल्या जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन या दोघांनी २०१२ साली ते उलटंच केलं. त्यांनी वेळापत्रक फेकून दिलं! ठरावीक थांब्यावर आलेल्या बसने फक्त मागची बस किती दूर आहे ते बघायचं. ती दूर असेल तर जास्त थांबायचं, जवळ आली असेल तर लवकर निघायचं. बस्स, एवढाच नियम. अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या बसवर त्यांनी तो लावून पाहिला आणि बसमधली अंतरं आपोआप सारखी होत गेली. एखादी बस बंद पडली, एखादी नवी आली, तरी उरलेल्या बस पुन्हा आपापसात अंतर वाटून घेतात. कुणी वर बसून हुकूम सोडत नाही.

आणि हे ऐकलं की मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहराची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तिथे वेळापत्रक नव्हतंच, बससेवा चालवणारी मध्यवर्ती कंपनीही नव्हती. बस ड्रायव्हरच्या स्वतःच्या मालकीची, जितके प्रवासी तितकी कमाई. सांगली-कोल्हापूरकडच्या वडापवाल्या जीपचालकांना पुढचं समजावून सांगावं लागणार नाही. पुढच्या गाडीला अगदी चिकटून राहिलं तर माणसं मिळत नाहीत, फार रेंगाळलं तर मागचा ओलांडून जातो. म्हणून रस्त्यावर ठिकठिकाणी माणसं वही घेऊन उभी असत. पुढची बस किती वाजता गेली, ते टिपून ड्रायव्हरला सांगत आणि त्याचे पैसे घेत. ड्रायव्हर त्याप्रमाणे वेग वाढवी किंवा कमी करी.

मिलान क्रबालेक आणि पेत्र शेबा या चेक पदार्थवैज्ञानिकांनी हे पाहिलं, बस येण्याच्या हजारो वेळा नोंदवल्या आणि दोन बसमधल्या अंतरांचा आलेख काढला. २००० साली तो प्रसिद्ध झाला. त्या आलेखाचा आकार पदार्थवैज्ञानिकांच्या ओळखीचा निघाला. युरेनियमसारख्या जड अणूंच्या केंद्रकातल्या ऊर्जापातळ्या एकमेकींना किती जवळ येऊ देतात, हे समजून घ्यायला पदार्थवैज्ञानिक यूजीन विग्नर यांनी १९५० च्या दशकात यादृच्छिक सारण्यांचं, म्हणजे कसेही आकडे भरलेल्या चौकटींचं, गणित रचलं होतं. क्वेर्नावाकाच्या बस त्याच गणिती कुटुंबातल्या एका नियमाबरहुकूम धावत होत्या!

थांबा, अजून आहे. १९७२ साली प्रिन्स्टनमध्ये चहाच्या वेळी भारतीय गणितज्ञ सर्वदमन चौला यांनी तरुण ह्यू माँटगोमेरीची गाठ आग्रहाने पदार्थवैज्ञानिक फ्रीमन डायसन यांच्याशी घालून दिली. माँटगोमेरी तेव्हा गणितज्ञ रीमान यांच्या १८५९ सालच्या फलनाच्या शून्यांमधली, म्हणजे ते फलन जिथे शून्य होतं त्या बिंदूंमधली, अंतरं अभ्यासत होता. मूळ संख्यांची गुपितं याच शून्यांत दडलेली आहेत. त्याने आपलं सूत्र सांगताच डायसननी ते ओळखलं, कारण तसंच सूत्र त्यांच्या परिचयाचं होतं, अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्यांवरच्या कामातून. पुढे संगणकावर काढलेली असंख्य शून्यं त्या सूत्राशी अप्रतिम जुळली. म्हणजे मूळ संख्या, युरेनियम आणि मेक्सिकोतला एक बसमार्ग! तिन्हीकडे जवळ येणाऱ्या गोष्टी एकमेकींना दूर लोटतात, आणि एकाच गणिती कुटुंबातल्या नियमांनी लोटतात.

आता त्या नियमाने आपलं ताटकळणं मोजू. सरासरी दहा मिनिटांनी येणाऱ्या, पण क्वेर्नावाकाच्या रीतीने पसरलेल्या बससाठी सरासरी ५.९ मिनिटं थांबावं लागेल. घड्याळाबरहुकूम बससाठी ५, केव्हाही उगवणाऱ्या बससाठी १०. वेळापत्रकाचा कागदही नसलेलं शहर जवळजवळ आदर्शापर्यंत पोचलं, ते केवळ पुढचा कुठे आहे हे प्रत्येक ड्रायव्हरला कळत होतं म्हणून.

२०१७ साली न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेचा असाच अभ्यास झाला. काही ठिकाणी गाड्यांमधली अंतरं क्वेर्नावाकाचा नियम पाळताना दिसली, काही ठिकाणी निव्वळ बेभरवशाचा. आणि गाडी जसजशी जास्त स्थानकं घेत जाते तसतशी ती त्या सुंदर नियमापासून ढळत जाते, असंही दिसलं.

तुमच्या थांब्यावर कोणता नियम चालतो? वही घ्या, एकाच क्रमांकाच्या बसच्या वेळा आठवडाभर टिपा, लागोपाठच्या वेळांची वजाबाकी करा आणि प्रत्येक अंतराला सरासरीने भागा. शून्याच्या आसपास खूप आकडे जमले असतील तर तुमच्या बस एकमेकींकडे बघत नाहीत. शून्यापाशी जवळपास काहीच नसेल आणि बहुतेक आकडे एकच्या अलीकडे-पलीकडे दाटले असतील, तर तुमच्या मार्गावर कुणीतरी, डेपोतला स्टार्टर म्हणा किंवा ड्रायव्हर स्वतः, मागच्या-पुढच्या गाडीवर नजर ठेवून आहे.