चिंता करणारा पौल

छातीत धडधडतं, रात्ररात्र डोळा लागत नाही, असं कुणी म्हटलं की गिरगाव-दादरच्या आपल्या ख्रिस्ती घरांत एक उत्तर तयार असतं : ‘विश्वास कमी पडतोय.’ आधार फिलिप्पैकरांच्या पत्राचा, चौथ्या अध्यायाचा. चिंता करू नका असं तिथे लिहिलंय, म्हणजे चिंता हे पापच, असा हिशेब.

तो चुकलेला आहे. प्रेषित पौल हे पत्र बंदिवासातून लिहितोय आणि शेवट मरणातही होऊ शकतो, हे त्याला ठाऊक आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘मेरिम्नाओ’ हे क्रियापद आहे. दोनच अध्याय आधी, तीमथ्य तुमची मनापासून काळजी वाहील असं कौतुकानं सांगताना, पौल तेच क्रियापद वापरतो. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तर फटके, दगडमार, फुटलेली जहाजं मोजून झाल्यावर तो स्वतःचीच ‘मेरिम्ना’ कबूल करतो : सगळ्या मंडळ्यांची काळजी रोज उरावर असते. मराठीत तरी काय, ‘काळजी घेणं’ आणि ‘काळजी करणं’ यांतली काळजी एकच. पौल घाबरलेल्यांना दटावत नाही, ओझं कुठे उतरवायचं ते सांगतो. आणि गेथशेमाने बागेत येशूचा जीव कासावीस झाला होता, हे शुभवर्तमानांनी लपवलेलं नाही.

‘भिऊ नका’ हे पवित्र शास्त्रात ३६५ वेळा, दिवसाला एक, असं सांगितलं जातं. छान वाटतं, पण मोजायला बसलं तर आकडा त्याच्या जवळपासही जात नाही.

विश्वास असला की मन कायम शांत, हाही असाच समज. ८८वं स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावर संपतं, पुढे दिलासा नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं. ते हिब्रूतून सोप्या मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई म्हणजे ११ मार्च १८८९ला गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडणाऱ्या. अंधार त्यांनाही चुकला नाही : १९२१मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ला गेल्या. त्यांचं बायबलचं संपूर्ण भाषांतर छापून आलं ते १९२४मध्ये.

आणखी एक समज नोव्हेनाचा, म्हणजे सलग नऊ वेळा करायच्या प्रार्थनेचा. बुधवारी दादरहून माहीमच्या सेंट मायकल चर्चला जाणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. नऊ बुधवार केले की काम फत्ते, असं अनेकांना वाटतं. पण या नऊच्या मुळाशी सौदा नाही. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्म्याची वाट पाहत शिष्यांनी एकत्र प्रार्थनेत काढलेले ते दिवस. मला यातलं ‘एकत्र’ जास्त मोलाचं वाटतं. काळजी माणसाला आधी एकटं पाडते.

सगळ्यांत घातक समज डॉक्टरांबद्दलचा : प्रार्थना असताना मनाच्या दुखण्याला डॉक्टर कशाला? संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, मग परत जेवायला उठवलं. पोटाच्या दुखण्यावर पौल तीमथ्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. मिरजेचं वानलेस रुग्णालय १८९४ साली मिशनऱ्यांनीच उभारलं. मलेरियाला गोळी चालते, मग मनाच्या दुखण्यालाच का नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९मध्ये जगात ३० कोटींहून जास्त लोकांना चिंताविकार होता, आणि चारातल्या जेमतेम एकाला उपचार मिळतात.

‘गोळ्यांची सवय लागते’ हे अर्धंच खरं. झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या काही गोळ्यांची लागते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. नैराश्य-चिंतेवरच्या नेहमीच्या औषधांचं व्यसन लागत नाही. मात्र तीही मनानं एकदम थांबवू नयेत. समुपदेशनाचाही उपयोग होतो.

आठवडेच्या आठवडे झोप, जेवण, काम बिघडलं असेल तर परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे. आज रात्रीच बोलायचं असेल तर सरकारी टेलिमानसचा क्रमांक १४४१६. मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही.