जुनी गाडी, नवं इंजिन आणि एसी

पद्मिनीत आधुनिक इंजिन बसवलं म्हणजे एसीही झाला, असं नसतं. इंजिन विकत घेतानाच कॉम्प्रेसर, त्याचं ब्रॅकेट आणि वायरिंग मागून घ्यावं. कॉम्प्रेसर बहुधा खालच्या बाजूला असतो. तो बॉडीला किंवा स्टिअरिंगला लागतो का, हे माउंटिंग वेल्ड करण्याआधी बघायचं. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, त्यामुळे रेडिएटरला गरम हवा मिळते. दमदार इलेक्ट्रिक पंखा नसेल, तर सिग्नलला इंजिन तापणारच! एसी सुरू झाल्याचं ईसीयूला कळलं, तरच तो आयडलिंग सावरतो. नाहीतर गाडी बंद पडू शकते. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-१२ गॅस हद्दपार झाला; त्याचं मिनरल ऑइल आर-१३४ए सोबत चालत नाही. आणि हो, इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी हवीच.